माते कशात प्यावं? भांडं, नळी आणि पासष्ट अंश

‘माते पिण्यासाठी सर्वांत चांगलं भांडं कोणतं?’ आजच्या लेखाचा प्रश्न एवढाच आहे. पण तो शेवटपर्यंत याच रूपात टिकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असाच असतो. सर्वोत्तम उत्प्रेरक कोणता, सर्वांत चांगली पद्धत कोणती, वगैरे. मग मुलाखतीच्या पॅनेलवरचे एखादे सर शांतपणे विचारतात, ‘चांगली म्हणजे कशासाठी? आणि मोजणार काय?’ तिथे घाम फुटतो. तो घाम आज घरबसल्या, एका दक्षिण अमेरिकन पेयाच्या निमित्ताने गाळून घेऊ.

आधी ओळख. येर्बा माते हे अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधलं रोजचं पेय. (उच्चार ‘माते’च, पण ही आईला मारलेली हाक नव्हे.) इलेक्स पॅराग्वारिएन्सिस नावाच्या सदाहरित झाडाची पानं वाळवून, कुटून ती तयार होते. चहासारखंच यातही कॅफीन असतं. पिण्याची रीत मात्र चहापेक्षा फार वेगळी. एका छोट्या भांड्यात अर्ध्याहून जास्त, म्हणजे साधारण ५० ग्रॅम कोरडी पानं भरायची, ती एका बाजूला उतरती लोटायची, मोकळ्या कोपऱ्यात ‘बोम्बिया’ नावाची तळाशी गाळणी असलेली धातूची नळी खोचायची आणि थर्मासमधून थोडं थोडं गरम पाणी ओतत प्यायचं. एका वेळी जेमतेम ५०-६० मिलिलिटर. पाणी संपलं की पुन्हा ओतायचं. तीच पानं, तीच नळी, तेच भांडं. असं करत थर्मासभर पाणी संपतं. चार जण बसले असतील तर एकच भांडं फिरत राहतं, ओतणारा मात्र एकच असतो.

आता गंमत बघा. ‘माते’ हा शब्दच मुळात भांड्याचा आहे. केचुआ भाषेत ‘माती’ म्हणजे भोपळ्याचं पात्र. पेयाला भांड्याचं नाव मिळालं. आपण ‘एक कटिंग’ म्हणतो तेव्हा निदान चहाचं माप तरी सांगतो, इथे तर पात्रच पेय झालंय. त्यामुळे भांड्याचा प्रश्न त्या लोकांसाठी किरकोळ नाही. बाजारात भोपळा, लाकूड, शिंग, चिनीमाती, काच, सिलिकॉन, दुहेरी भिंतीचं स्टील असं सगळं मिळतं आणि प्रत्येकाचे कट्टर समर्थक आहेत.

तो भोपळा कोणता? तर आपला दुधी! लाजेनारिया सिसेरारिया. कोवळा असताना आपण त्याची भाजी करतो. वेलीवरच पक्व होऊ दिला आणि पुरता वाळवला तर त्याचं कवच लाकडासारखं टणक होतं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला जो भोपळा लावतात तो याच प्रजातीचा, आणि तो बराचसा मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो. साधूच्या हातातला तुंबाही हाच. एकच प्रजाती, पण मिरजेत भोपळा निवडताना घेर आणि नाद बघतात, उरुग्वेत कवचाची जाडी आणि तळहातात बसणारा आकार. ‘चांगला भोपळा’ या शब्दांना कामाचा संदर्भ दिल्याशिवाय अर्थ नाही, हे इथेच दिसतं.

हा आफ्रिकेतला वेल अमेरिकेत पोहोचला कसा, हीसुद्धा एक वाचण्यासारखी शोधकथा आहे. अमेरिकेत त्याचे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडतात. २००५ साली पीएनएएसमध्ये आलेल्या एका पेपरने प्राचीन डीएनएवरून सांगितलं की तो आशियातून, बहुधा माणसांबरोबर आला. २०१४ साली त्याच नियतकालिकात दुसरा पेपर आला: नाही, आफ्रिकेतले भोपळे अटलांटिक महासागरात तरंगत आले असावेत. पहिल्या गटाकडे हरितलवकाच्या डीएनएमधल्या मोजक्या खुणा होत्या, दुसऱ्याने हरितलवकाच्या जीनोमचा बराच मोठा भाग वाचला. प्रश्न तोच, मोजण्याचं साधन बदललं आणि उत्तर खंड ओलांडून गेलं. लिटरेचर रिव्ह्यू करताना फक्त निष्कर्षांचा तक्ता करू नका, कोणी कशाने मोजलं याचा एक रकाना ठेवा, असं मी ज्युनिअर्सना सांगते ते यासाठी.

असो. भांड्याकडे वळू.

मी स्वतः भांडी विकणाऱ्यांची वर्णनं वाचते तेव्हा तीन दावे पुन्हा पुन्हा दिसतात: भोपळ्यात चव चांगली येते, स्टीलमध्ये माते जास्त वेळ गरम राहतं, चिनीमाती धुवायला सोपी. तिन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे ‘जास्त वेळ गरम’ हा गुणच आहे. इथे थांबायला हवं. कारण मातेच्या बाबतीत सर्वांत जास्त अभ्यास झालेला प्रश्न चवीचा नाही, तापमानाचा आहे.

कर्करोगावर संशोधन करणारी जागतिक आरोग्य संघटनेची संस्था, आयएआरसी, हिने १९९१ साली ‘गरम माते पिणं’ हे ‘२ए’ गटात टाकलं. म्हणजे माणसात बहुधा कर्करोगकारक. उरुग्वे, दक्षिण ब्राझील, अर्जेंटिना या पट्ट्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसत होतं आणि माते पिणाऱ्यांमध्ये धोका अधिक आढळत होता. पण संशय कोणावर घ्यायचा? पानांवर? पानं वाळवताना लाकडाचा धूर लागतो, त्या धुरातून येणाऱ्या बहुवलयी हायड्रोकार्बन्सवर? पाण्याच्या तापमानावर? की माते पिणारे बरेच जण सिगारेट आणि दारूही घेतात, त्यावर? तुमच्या आवडीच्या विषयात असा चौपदरी गुंता असेल तर तो घाबरण्याचा नव्हे, आनंदाचा प्रसंग समजा. पीएचडीचा विषय अशाच ठिकाणी दडलेला असतो.

२०१६ मध्ये आयएआरसीने १० देशांतल्या २३ शास्त्रज्ञांना बसवून पुन्हा तपासणी केली. या वेळी त्यांनी पेयाचं नाव बाजूला ठेवलं आणि तापमानाला पुढे आणलं. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम कोणतंही पेय पिणं हे २ए. आणि फार गरम नसलेलं माते? ते तिसऱ्या गटात, म्हणजे कर्करोगकारक ठरवायला पुरेसा पुरावा नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातून पान बाहेर आलं आणि थर्मामीटर आत गेला, असं म्हणा हवं तर.

या वर्गीकरणाबद्दल एक गैरसमज पेपर वाचणाऱ्यांमध्येही असतो. २ए हा गट धोका किती मोठा आहे ते सांगत नाही, पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो. ‘सिगारेटच्या खालोखाल गरम चहा’ असा मथळा कुठे दिसला तर तो लिहिणाऱ्याने हा फरक पाहिलेला नाही, एवढं ओळखा. सिगारेटचा धोका वेगळ्याच मापाचा आहे.

आता खरा पद्धतशास्त्रीय प्रश्न. दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या अभ्यासांमध्ये तापमान कसं मोजलं होतं? बहुतेक ठिकाणी विचारून. ‘तुम्ही माते कोमट पिता, गरम पिता की खूप गरम?’ आता मला सांगा, तुमच्या आजीचं ‘कोमट’ आणि तुमचं ‘कोमट’ एकच असतं का? आमच्या घरी तरी आजीच्या कोमट चहाने माझी जीभ भाजते.

या बाबतीत एक सुंदर काम मातेवर नव्हे, चहावर झालं, इराणच्या गोलेस्तान प्रांतात. तिथेही अन्ननलिकेचा कर्करोग जास्त आणि चहा कडक गरम. संशोधकांनी सुमारे ४८ हजार लोकांच्या चहाचं तापमान खरोखर मोजलं. पद्धत इतकी साधी की वाचून हेवा वाटतो. दोन कप चहा ओतायचा. एकात थर्मामीटर. ७५ अंशांवर आला की दुसऱ्या कपातला घोट घ्यायला सांगून विचारायचं, ‘तुम्ही नेहमी एवढाच गरम पिता का?’ नाही म्हटलं तर ७० पर्यंत थांबायचं, पुन्हा विचारायचं. असं पाच-पाच अंशांनी खाली. २००९ साली हे बीएमजेमध्ये छापून आलं. लोक जे तोंडाने सांगतात आणि थर्मामीटर जे दाखवतो यांच्यातला मेळ निघाला मध्यम, म्हणजे वेटेड कप्पा ०.४९. ‘खूप गरम’ या शब्दावर अख्खा निष्कर्ष उभा करणं किती जोखमीचं आहे, ते या एका आकड्यात कळतं.

त्याच पेपरमध्ये आपल्या भांड्याच्या प्रश्नाला थेट भिडणारी एक गोष्ट आहे. कपात ओतल्यावर ४ मिनिटं किंवा जास्त थांबून पिणाऱ्यांच्या तुलनेत २ मिनिटांच्या आत पिणाऱ्यांमध्ये धोक्याचं गुणोत्तर ५.४१ आलं, आणि २ ते ३ मिनिटांनी पिणाऱ्यांमध्ये २.४९. हा केस-कंट्रोल अभ्यास, म्हणजे कर्करोग झालेल्यांना आधीच्या सवयी विचारलेल्या. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. पुढे ५०,०४५ लोकांना वर्षानुवर्षं पाहत राहून २०१९ साली याच प्रांतातून जो पेपर आला त्यात दिसलं की ६० अंश किंवा अधिक गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरच्या वर पिणाऱ्यांमध्ये, कमी आणि कमी गरम पिणाऱ्यांपेक्षा धोका सुमारे ९० टक्के जास्त होता. गुणोत्तर आठवणीवर अवलंबून नसलं की असं लहान होतं बऱ्याचदा. पण दिशा तीच राहिली.

मातेत मात्र ओतणं आणि पिणं यांत वेळच नसतो! पाणी ओतलं, नळी तोंडात. चहा कपात निवत बसतो, आपल्याकडे तर बशीत ओतून फुंकर मारायची सोय आहे. (बशी हे माझ्या मते तापमान नियंत्रणाचं फार दुर्लक्षित उपकरण आहे. पृष्ठभाग वाढवला, खोली कमी केली, काम झालं.) मातेचं भांडं अरुंद तोंडाचं, वर पानांचा थर, आणि द्रव थेट तळातून नळीने जिभेच्या मागच्या भागावर. फुंकायला जागाच नाही.

मग प्रश्न असा होतो: नळीच्या टोकाला, ओठांपाशी पोहोचणाऱ्या द्रवाचं तापमान भांड्यामुळे किती बदलतं? बघा, आता हा मोजता येईल असा प्रश्न झाला.

प्रयोगाआधी कागदावर अंदाज काढू. दहावीतलं उष्णता विनिमयाचं तत्त्व पुरे आहे. गरम वस्तूने गमावलेली उष्णता म्हणजे थंड वस्तूंनी कमावलेली. थर्मासमधलं पाणी ८० अंश, खोली २५ अंश, पानं ५० ग्रॅम, एका वेळी ६० मिलिलिटर पाणी. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८, कोरड्या पानांची मी १.५ धरली. तीन भांडी घेऊ. चिनीमातीचं २५० ग्रॅमचं, उष्माधारकता ०.९. भोपळा ४० ग्रॅमचा, १.५. आणि दुहेरी भिंतीचं स्टील, त्यातली फक्त आतली भिंत हिशोबात घ्यायची, ८० ग्रॅम, ०.५. वजनं माझ्या अंदाजाची आहेत. तुमच्याकडे भांडं असेल तर तराजूवर ठेवा आणि तुमचे आकडे घाला.

पहिल्या ओतण्याला उत्तर येतं: चिनीमातीत ५० अंश, भोपळ्यात ६१, स्टीलमध्ये ६३. इथे थांबलात तर निष्कर्ष सरळ आहे, चिनीमाती जिंकली. जड भांडं स्वतः तापण्यासाठी पाण्यातली उष्णता शोषतं, तुमच्या अन्ननलिकेला कमी मिळते. बरेच अभ्यास इथेच थांबतात, कारण एकदा मोजणं सोपं असतं.

पण माते एकदा ओतत नाहीत. दुसऱ्या वेळी भांडं आणि पानं आधीच तापलेली आहेत. मधल्या काळात निवणं सोडून दिलं तर दुसऱ्या ओतण्याला चिनीमातीत ६४, भोपळ्यात ७३, स्टीलमध्ये ७५. तिसऱ्याला ७१, ७८, ७८. पुढे तिन्ही ८० कडे सरकत जातात. म्हणजे भांड्याने दिलेली सवलत पहिल्या दोन-तीन घोटांपुरती. त्यानंतर हुकूम थर्मासचा. आता भांडं भोपळ्याचंच ठेवून थर्मासमधलं पाणी ८० ऐवजी ७० अंशांवर आणा. तिसऱ्या ओतण्याला ७८ ऐवजी ६८ येतात. पूर्ण १० अंश. स्टील टाकून चिनीमाती घेतल्याने तिथे जेमतेम ७ अंश मिळाले होते, आणि तेही पुढच्या फेऱ्यांमध्ये विरून जाणार.

या हिशोबातल्या पळवाटाही सांगायला हव्यात. प्रत्यक्षात मधल्या वेळात भांडं निवतं, त्यामुळे खरे आकडे खाली असतील, विशेषतः एकटी व्यक्ती रमतगमत पीत असेल तर. भोपळ्याची भिंत उष्णतेची मंद वाहक आहे, ती सगळी काही सेकंदांत तापत नाही. त्यामुळे तिने शोषलेली उष्णता मी धरली त्यापेक्षा कमी असेल आणि पहिला घोट ६१ पेक्षा थोडा जास्त गरम. शिवाय ओली पानं पाणी धरून ठेवतात, त्यांची उष्माधारकता दुसऱ्या फेरीपासून वाढते. मॉडेल ढोबळ आहे. पण कोणता घटक मोठा आणि कोणता छोटा, हे ठरवायला ढोबळ मॉडेलच उपयोगी पडतं. सहा महिन्यांचा प्रयोग आखण्याआधी अशी अर्ध्या तासाची आकडेमोड करा. गाइडसमोर बसताना हातात कागद असेल.

आणि आता रिवाज या हिशोबात कसा शिरतो ते बघा. अर्जेंटिनात पहिलं माते पाहुण्याला देत नाहीत, ओतणारा स्वतः पितो. त्याला ‘माते देल सोन्सो’ म्हणतात, म्हणजे बावळटाचं माते. ते कडू आणि चोथायुक्त असतं हे कारण. पण आपल्या आकड्यांप्रमाणे तेच सर्वांत कमी गरमही असतं. म्हणजे जड भांड्याचा फायदा जो काही आहे तो यजमानाच्या पोटात जातो आणि पाहुण्यांना दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून तापलेलं भांडं मिळतं. त्यात चौघे बसलेले असतील तर ओतण्यांमधलं अंतर आणखी कमी, भांड्याला निवायला फुरसत नाही. तेव्हा ‘तुम्ही माते किती गरम पिता?’ एवढंच विचारणाऱ्या प्रश्नावलीत ‘एकटे की घोळक्यात?’ आणि ‘ओतणारं कोण?’ हे प्रश्न नसतील तर काहीतरी निसटतंय. असं घरगुती तपशिलातून कन्फाउंडर सापडणं, हे मला संशोधनातलं सगळ्यात आवडतं काम आहे.

मग भांड्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण दुसऱ्याच वाटेने. आणि माझ्या मते निवड करताना ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

गरम वस्तू हातात धरली की साधारण ४३ ते ४५ अंशांच्या पुढे त्वचेला वेदना जाणवू लागते. टपरीवरचा काचेचा ग्लास आपण काठाशी, दोन बोटांत धरतो तो यासाठीच. काच तुम्हाला सांगते, आत काय चाललंय. एकेरी भिंतीचं स्टील तर ओरडून सांगतं. दुहेरी भिंतीचं स्टील मात्र गप्प असतं. बाहेरची भिंत खोलीच्या तापमानाला, आत ७८ अंश, मध्ये निर्वात पोकळी. हाताला मिळणारी सूचना शून्य. भोपळाही बऱ्यापैकी गप्पच, आणि त्यावर चामडं मढवलं असेल तर आणखी. काचेच्या मातेला सिलिकॉनचं आवरण चढवलं की तिचीही बोलती बंद. म्हणजे जे भांडं ‘धरायला आरामदायक’ म्हणून विकलं जातं, ते नेमकी तुमची पूर्वसूचना काढून घेतं.

उरते नळी. धातूची बोम्बिया ओठांना चटका देते, ती शेवटची चौकी. वेळूची नळी हा चटका देत नाही. माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे: भांडं आणि नळी यांपैकी निदान एक तरी बोलकं असावं. दुहेरी भिंतीच्या भांड्यात वेळूची नळी, हा जोड मी कोणालाच सुचवणार नाही. शिवाय घोट लहान ठेवायचा. १९७२ मधल्या एका अभ्यासात ६५ अंशांची कॉफी पिताना अन्ननलिकेच्या आतलं तापमान मोजलं होतं. ते ६ ते १२ अंशांनी वाढायचं आणि किती वाढणार हे घोटाच्या आकारावर ठरायचं. जाड नळीतून जोरात ओढणं म्हणजे मोठा घोट.

बाकीच्या पदार्थांबद्दल आता पटापट सांगते.

शिंगाचं भांडं, ‘ग्वाम्पा’, दिसायला देखणं. पण शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांसारखं. तापवून मऊ करून त्याला आकार देतात; त्यात रोज गरम पाणी ओतणं शहाणपणाचं नाही. पॅराग्वेत ते थंड पाण्याच्या ‘तेरेरे’साठी वापरतात आणि तिथे ते अगदी योग्य आहे. तेरेरेच्या परंपरेला २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. पासष्ट अंशांचा प्रश्नच नको असेल तर सरळ तेरेरे प्या. महाराष्ट्राच्या मे महिन्यात मला तरी तेच पटतं.

लाकडी भांड्यात पालो सांतो हे सुगंधी लाकूड लोकप्रिय आहे. सुगंध पेयात उतरतो, काहींना आवडतो. पण हे झाड २०१० पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्याच्या व्यापारावर नियंत्रण आहे. आल्गारोबोचं लाकूड हा साधा पर्याय. कोणतंही लाकूड ओलं राहिलं तर तडकतं किंवा बुरसतं, हे धरून चाला.

चिनीमाती आणि काच चव धरत नाहीत, धुवायला सोप्या. तुलनात्मक चाचणी करायची तर हीच भांडी घ्या, कारण कालच्या पानांची आठवण आजच्या निकालात मिसळत नाही. रंगीत नक्षीची, शोभेची चिनीमाती मात्र पिण्यासाठी नको. झिलईत शिसं असण्याची शक्यता असते. काही भोपळ्यांच्या काठाला ‘आल्पाका’ धातू मढवलेला असतो. नावावरून लोकरीचा प्राणी आठवतो, प्रत्यक्षात ते आपलं जर्मन सिल्व्हर आहे: तांबं, जस्त आणि निकेल. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी काठ आणि नळी दोन्ही स्टीलची बघावी.

आणि भोपळाच घ्यायचा असेल तर? घ्या की. त्याच्यावर माझा आक्षेप नाही, थर्मासवर आहे. बिजागरीच्या झाकणाचा, पाणी खूप गरम ठेवणारा थर्मास असेल तर उकळी आलेलं पाणी लगेच भरू नका. आधी ७० च्या आसपास येऊ द्या. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. जाणकार मातेवालेही उकळतं पाणी टाळतातच. पानं जळतात, कडवट होतात, असं ते म्हणतात. त्यांचं चवीचं कारण आणि आपलं अन्ननलिकेचं कारण एकाच आकड्याकडे बोट दाखवतात, हे सोयीचं आहे.

कोणाला हा प्रयोग घरी करून बघायचा असेल तर मांडणी अशी. तीन भांडी, एकच थर्मास, प्रत्येक फेरीला ६० मिलिलिटर. तापमान तीन जागी टिपायचं: थर्मासच्या तोंडाशी, भांड्याच्या तळाशी आणि नळीतून सिरिंजने ओढलेल्या पहिल्या ५ मिलिलिटरचं. (तोंडाने ओढून नका मोजू.) भांड्यांचा क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर थर्मास निवत जाण्याचा परिणाम शेवटच्या भांड्याच्या खात्यावर चढेल. दहा फेऱ्या, मग ओतण्यांमधलं अंतर १ मिनिट, ३ मिनिटं, ६ मिनिटं असं बदलून पुन्हा. माझा अंदाज असा की अंतराचा परिणाम भांड्याच्या परिणामापेक्षा मोठा निघेल. चुकीचा ठरला तर कमेंटमध्ये आकड्यांसकट लिहा, मला वाचायला आवडेल.

नवा भोपळा मात्र थेट वापरायचा नसतो. आत पांढरट गर चिकटलेला असतो. भिजवलेली पानं त्यात भरून एक दिवस ठेवायची, मग चमच्याने सुटा झालेला गर हळूच खरवडून काढायचा आणि हे एक-दोनदा करायचं. देठाच्या बुंध्याशी जास्त खरवडू नका, तिथे भोक पडतं. गर उरला तर चव बिघडते आणि बुरशीला घर मिळतं. रोज पिऊन झाल्यावर पानं लगेच काढा, पाण्याने विसळा, कापडाने पुसा. आणि भोपळा सपाट फळीवर पालथा घालू नका, आतला ओलावा कोंडतो. तोंड जरा वर राहील असा कलता टेकवून, वारा लागेल अशा जागी ठेवा.